शत्रू न आलेला किल्ला



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी गडकोटांचे वेडे होते हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा विषय किल्ल्याचाच असायला हवा हे ठरलेलं होतं. किल्ला मात्र मी लांबचा निवडला आहे. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाच्या मुलखाचं सपाट मैदान आहे. तिथे उदिने शहराच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर पाल्मानोव्हा हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं आकाशातून काढलेलं छायाचित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. हिरव्या शेतात कोणीतरी कंपास घेऊन नऊ टोकांचं नक्षत्र आखावं, तसं ते दिसतं. मध्ये सहा बाजूंचा चौक, त्यातून किरणांसारखे फुटलेले रस्ते, भोवती तट, खंदक आणि पुन्हा टोकंच टोकं.

ह्या छायाचित्राने पाल्मानोव्हाचं नाव जगभर केलं आणि त्याच्याविषयीचा एक गैरसमजही. हे प्रबोधनकाळातलं ‘आदर्श नगर’, तत्त्वज्ञांच्या स्वप्नातून उतरलेलं, असं पर्यटनाच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. स्वप्नातली नगरं इटलीत होती. पंधराव्या शतकात फिलारेते नावाच्या वास्तुकाराने स्फोर्झिंदा नावाचं तारकाकृती नगर कागदावर रचलं होतं, आणि ते कागदावरच राहिलं. पाल्मानोव्हाच्या नऊ टोकांचा हिशेब वेगळा आहे. तो तोफेच्या पल्ल्याचा आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने सरकारी खर्चाने उभारलेलं ते लष्करी ठाणं होतं. त्यात माणसं राहतील का, काय खातील, कशासाठी थांबतील, हे प्रश्न नंतर आले. नंतर आले म्हणूनच ते इतके छळत राहिले.

आपल्या डोळ्यांना किल्ला म्हणजे उंच काहीतरी दिसायची सवय आहे. राजगड, तोरणा दहा कोसांवरून ओळखू येतात. पाल्मानोव्हाला रस्त्याने जाल तर गावाच्या दारात पोचेपर्यंत किल्ला दिसतच नाही. दिसतात ते गवत वाढलेले मातीचे उंचवटे. तारा जमिनीवरून कुठूनही दिसत नाही. हा दोष नव्हे, हीच त्या बांधणीची करामत आहे. किल्ला दिसू नये म्हणूनच तो तसा बांधला होता.

ह्यामागची गोष्ट १४९४ पासून सुरू होते. त्या वर्षी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीवर चालून आला, आणि त्याने सोबत ओतीव काशाच्या, चाकांवरून भराभर हलवता येणाऱ्या तोफा आणल्या. त्या लोखंडी गोळे फेकत. शतकानुशतकं उभे असलेले उंच, सडपातळ दगडी तट त्या गोळ्यांपुढे तासातासांत कोसळू लागले. तट जितका उंच तितका नेम धरायला सोपा. इटलीतल्या कारागिरांनी ह्यावर जे उत्तर शोधलं ते साऱ्या युरोपाने उचललं. तट खाली आणायचा, जाड करायचा आणि त्याच्या पोटात माती भरायची. दगड गोळ्याने फुटतो, माती गोळा गिळते. गोल बुरूज काढून टाकायचे, कारण गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक कोपरा असा राहतो की तिथे शिरलेल्या माणसाला शेजारच्या बुरुजावरून टिपता येत नाही. तो तिथे बसून निवांत सुरुंग खणतो. त्याऐवजी बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज काढायचे, म्हणजे प्रत्येक बुरुजाच्या बगलेतली तोफ शेजारच्या बुरुजाचं तोंड झाडून काढते. दोन बुरुजांमधलं अंतर किती, तर बगलेतल्या माऱ्याचा पल्ला जाईल तितकं. हा हिशेब सपाट जमिनीवर सगळीकडून सारखा मांडला की आपोआप तारा तयार होतो.

डोंगरी किल्ल्याला ह्यातलं काही लागत नाही. तिथे अर्धं काम कड्याने केलेलं असतं. फ्रिउलीच्या मैदानात कडा नाही, टेकाडही नाही. उरतो तो फक्त भूमितीचा आधार.

ह्या सपाट मैदानाची व्हेनिसला काळजी का वाटावी? पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोस्नियाकडून तुर्की घोडदळ ह्या मैदानावर पुन्हापुन्हा उतरलं होतं. १४७७ आणि १४९९ च्या धाडींच्या आठवणी फ्रिउलीतल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. गावं जाळली, माणसं धरून नेली. व्हेनिस समुद्राचं राज्य. त्याचं आरमार दांडगं, पण पाठ उघडी. ती झाकायला व्हेनिसने इसोन्झो नदीवर ग्राडिस्काचा किल्ला बांधला. तो १५११ च्या लढायांत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या हाती गेला आणि परत मिळाला नाही. म्हणजे तुर्कांविरुद्ध बांधलेलं कुलूप ऑस्ट्रियाच्या खिशात. पुढची ऐंशी वर्षं व्हेनिसच्या सिनेटमध्ये त्या मोकळ्या दारावर चर्चा होत राहिली. पैसा नव्हता, निकड नव्हती आणि भांडायला माणसं पुष्कळ होती. असल्या सभागृहांचा अनुभव आपल्यालाही आहे.

मग १५९३ साल उजाडलं. तुर्की सुलतान आणि हॅब्सबर्ग सम्राट ह्यांच्यात हंगेरी-क्रोएशियाच्या सरहद्दीवर युद्ध भडकलं. ते पुढे तेरा वर्षं चाललं. व्हेनिस त्यात पडलं नाही, पण शेजारी आग लागल्यावर स्वतःच्या घराकडे बघणं भागच होतं. सिनेटने किल्ल्याला मंजुरी दिली, आणि काम दोन म्हाताऱ्यांच्या हाती सोपवलं. माझ्या मते पाल्मानोव्हाचा खरा इतिहास ह्या दोघांचा आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडा जास्त वेळ थांबतो.

पहिला ज्युलिओ साव्होर्न्यान. फ्रिउलीच्याच एका बलाढ्य सरदारघराण्यातला, आयुष्यभर व्हेनिससाठी तटबंद्या बांधलेला. १५९३ मध्ये त्याने ऐंशी ओलांडली होती. त्याच्या नावावर एक मोठं काम होतं. १५६७ मध्ये त्याने सायप्रस बेटावर निकोसिया शहराला नवा तट घातला होता: पूर्ण गोल, अकरा बुरुजांचा, मातीचा, अगदी अद्ययावत. जुना घेर फार मोठा होता, तो राखायला माणसं पुरली नसती, म्हणून त्याने घेर लहान केला आणि नव्या तटाबाहेर राहिलेली घरं, वाडे, चर्च पाडून टाकले. तीनच वर्षांनी, १५७० च्या उन्हाळ्यात तुर्कांनी निकोसियाला वेढा घातला. तटाचं काम पुरतं संपलेलं नव्हतं, आतले अधिकारी एकमेकांत भांडत होते, मदतीला येणारं आरमार आलंच नाही. सुमारे दीड महिन्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, शहर पडलं आणि मोठी कत्तल झाली. तो अकरा बुरुजांचा गोल आजही निकोसियात उभा आहे. दुभंगलेल्या सायप्रसची सीमारेषा बरोबर त्याच्या मधून जाते.

दुसरा मार्कान्तोनिओ बार्बारो. व्हेनिसच्या उमरावांतला उमराव. कलेच्या इतिहासात त्याचं नाव वेगळ्या कारणाने येतं. मासेर गावात त्याच्यासाठी आणि त्याचा भाऊ दानिएले ह्याच्यासाठी वास्तुकार पाल्लादिओने एक वाडा बांधला आणि चित्रकार व्हेरोनेझेने तो रंगवला. आज त्याचं दर्शन घ्यायला जगभरातून माणसं जातात. पण सायप्रसचं युद्ध पेटलं तेव्हा हा बार्बारो होता इस्तंबूलमध्ये, व्हेनिसचा वकील म्हणून. युद्ध सुरू झाल्यावर सुलतानाने त्याला नजरकैदेत ठेवलं. सायप्रस हातचं जात असल्याच्या बातम्या त्याने शत्रूच्या राजधानीत, पहाऱ्यात बसून ऐकल्या. १५७३ मध्ये सायप्रस सोडून देणारा तह ठरवण्याची पाळीही त्याच्यावरच आली. पाल्मानोव्हाचा पहिला मुख्य अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली तेव्हा त्याचं वय पंचाहत्तर होतं.

म्हणजे बघा, एकाने जो तट बांधला तो पडला आणि दुसऱ्याने त्या पराभवाच्या कागदावर सही केली. वीस वर्षांनी त्याच दोघांना राज्य सांगतं, पुन्हा एक गोल किल्ला बांधा, ह्या वेळी नऊ बुरुजांचा, आणि ह्या वेळी पुरता करा. ७ ऑक्टोबर १५९३ ला पायाभरणी झाली. ती तारीख लेपांतोच्या समुद्रयुद्धाच्या स्मरणदिनाची, जिथे १५७१ मध्ये ख्रिस्ती आरमाराने तुर्कांचा पराभव केला होता. समारंभ विजयाच्या नावाने झाला. बांधणाऱ्यांच्या मनात मात्र लेपांतो नव्हतं, निकोसिया होतं, असं मला वाटतं. दोघेही १५९५ मध्ये, एकाच वर्षी, वारले. किल्ला तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यांच्या अवस्थेत होता.

आराखड्याचं श्रेय नेमकं कुणाचं, ह्यावर वाद आहेत. बुओनायुतो लोरिनी हा फ्लोरेन्सचा अभियंता तिथे काम करत होता, आणि त्याने पुढे तटबंदीवर मोठा ग्रंथ लिहिला. व्हिन्चेन्झो स्कामोत्झी ह्या नामांकित वास्तुकाराचं नावही घेतलं जातं. अशा कामांत एकच निर्माता शोधायची आपली हौस फुकट असते. सिनेटच्या समित्या, अभियंते, सेनापती, सगळ्यांनी त्यात हात घातला होता. खरे हात वेगळेच होते. फ्रिउलीतल्या शेतकऱ्यांना गाड्याबैलांसकट वेठीला धरून हजारोंनी आणलं आणि खंदक खणायला, माती वाहायला लावलं. आज तो तट हिरवागार, देखणा दिसतो. ती माती डोक्यावर वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या बुरुजाला नाही. बुरुजांना नावं आहेत ती उमरावांची: बार्बारो, साव्होर्न्यान, ग्रिमानी, कोंतारिनी, दोनातो.

आतली रचना समजून घ्यायला सोपी आहे. मधला चौक षट्कोनी, तट नवकोनी. सहा आणि नऊ ह्यांचा मेळ तीनावर बसतो, म्हणून दरवाजे तीन: उदिनेकडचा, चिविदालेकडचा आणि समुद्राच्या बाजूला आक्विलेयाकडचा. चौकातून सहा रस्ते निघतात. तीन थेट दरवाजांना भिडतात, उरलेले तीन बुरुजांकडे जातात. चौकात राखीव फौज उभी असेल तर ती कुठल्याही बाजूला सारख्याच वेळात पोचावी, हा हेतू. उदिने दरवाजात उचलता पूल ओढणारी लाकडी चाकं अजून शाबूत आहेत. ती पाहिली की ‘आदर्श नगरा’चं भूत डोक्यातून उतरतं. ती चाकं यंत्राची आहेत आणि सगळं गाव हे त्या यंत्राचंच मोठं रूप आहे.

चौक मात्र थक्क करतो. गावाच्या मानाने तो अवाढव्य आहे. पाच हजारांच्या गावाला एवढं मैदान कशाला, असा प्रश्न पडतोच; उत्तर असं की तो गावाचा चौक नव्हताच, फौजेच्या कवायतीचा होता. मध्ये ध्वजस्तंभ, कडेला व्हेनिसने पाठवलेल्या अधिकाऱ्यांचे पुतळे, आणि एका बाजूला पांढऱ्या दर्शनी भागाचं मुख्य चर्च. चर्चचा घंटाघराचा मनोरा इटलीच्या रिवाजाला सोडून ठेंगणा आहे. तटावरून डोकं वर काढून शत्रूच्या तोफांना नेमाची खूण मिळू नये म्हणून. देवालासुद्धा तिथे तोफखान्याचे नियम पाळावे लागले.

भिंती उभ्या राहिल्या, पण माणसं येईनात. व्हेनिसची कल्पना अशी की व्यापारी येतील, कारागीर येतील, गाव भरभराटेल. पण कोण येणार? सरहद्दीवर, दलदलीच्या जवळ, लष्कराच्या शिस्तीत, रात्री दरवाजे बंद होणाऱ्या ठाण्यात स्वखुशीने संसार कोण मांडेल? उदिने जुनं, नांदतं शहर हाकेच्या अंतरावर होतं. आसपासच्या लोकांना बाजार तिथे मिळत होता. सरकारने सवलती दिल्या, बाजाराचे हक्क दिले, कालव्याने पाणी आणलं. तरी प्लॉट रिकामेच. शेवटी १६२२ मध्ये व्हेनिसने गुन्हेगारांना माफी दिली. पाल्मानोव्हात येऊन राहा, घर बांधायला जागा फुकट, सामान फुकट, झालं गेलं विसरलं जाईल.

ह्या घटनेवर हसून पुढे जायची पद्धत आहे. मला ती गावाच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक घटना वाटते. कारण त्या दिवशी सरकारने कबूल केलं की नकाशा काढता येतो, शेजार काढता येत नाही. रहिवासी नसलेल्या गावात राहायला तेच तयार होतात ज्यांना दुसरीकडे थारा नाही. त्या माफी मिळालेल्या लोकांच्या पुढच्या पिढ्यांनी दुकानं काढली, खानावळी काढल्या, शिपायांचे कपडे शिवले, त्यांना दारू विकली, मुली दिल्या. पाल्मानोव्हाचा स्वभाव ह्यातून घडला. तिथे मिरवावं असं जुनं कुळ नाही, मध्ययुगीन परंपरेचा डौल नाही. जवळचं चिविदाले ज्युलियस सीझरपर्यंत वंशावळ नेतं, आक्विलेयाला रोमन बंदराचे अवशेष आहेत. पाल्मानोव्हा एका गुरुवारी जन्मलेलं गाव आहे, आणि त्याचा दाखला सरकारी दप्तरात आहे.

तुर्क आले का? नाही. एकदाही नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६१५ ते १६१७, व्हेनिसची लढाई झाली ती शेजारच्या हॅब्सबर्गांशी, त्याच ग्राडिस्कासाठी. पाल्मानोव्हा तेव्हा फौजेचं कोठार म्हणून उपयोगी पडलं. तटावर कुणी चढून आलं नाही. ग्राडिस्का परत मिळालं नाहीच. तरीही राज्याने किल्ल्यावर पैसा ओतणं थांबवलं नाही. १६५८ ते १६९० ह्या काळात खंदकापलीकडे त्रिकोणी बुरुजांचं दुसरं कडं बांधलं गेलं, कारण दरम्यान तोफांचा पल्ला वाढला होता. किल्ल्याच्या बाबतीत हा शापच असतो. शत्रू आला नाही तरी त्याच्या तोफा सुधारत राहतात.

आता नेपोलियनकडे येऊ. १७९७ च्या वसंतात ऑस्ट्रिया आणि फ्रान्स ह्यांच्या फौजा व्हेनिसच्या मुलखातून धावत होत्या. व्हेनिसने स्वतःला तटस्थ जाहीर केलं होतं. दोनशे वर्षं सज्ज ठेवलेल्या ह्या किल्ल्यात आधी ऑस्ट्रियन शिरले, त्यांच्या पाठोपाठ फ्रेंच. व्हेनिसने आपल्या किल्ल्यासाठी एक गोळा उडवला नाही. आणि मे महिन्याच्या सुरुवातीला जनरल बोनापार्टने व्हेनिसविरुद्ध युद्धाचा जाहीरनामा काढला, तो पाल्मानोव्हातल्याच छावणीतून. निमित्त होतं व्हेरोनातल्या बंडात मारल्या गेलेल्या फ्रेंच सैनिकांचं आणि व्हेनिसच्या लिदोपाशी तोफेने उडवलेल्या एका फ्रेंच जहाजाचं. १२ मे ला व्हेनिसच्या महासभेने स्वतःला बरखास्त करून घेतलं. हजार वर्षांचं प्रजासत्ताक संपलं. त्याच्या पूर्व दरवाजाचं कुलूप म्हणून जे बांधलं, तिथेच बसून त्याच्या मृत्यूचा कागद लिहिला गेला. इतिहासकाराने असं काही कल्पनेने रचलं असतं तर आपण त्याला भडक म्हटलं असतं.

काही वर्षं ऑस्ट्रियाकडे राहून १८०५ नंतर किल्ला पुन्हा फ्रेंचांकडे आला. नेपोलियनने त्याला तिसरं, सर्वांत बाहेरचं कडं घातलं आणि माऱ्याची जागा मोकळी राहावी म्हणून आसपासची काही खेडी जमीनदोस्त केली. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी तो शत्रूच होता, तुर्कांपेक्षा जवळचा. पाल्मानोव्हाला आज तीन कडी दिसतात: व्हेनिसची दोन, नेपोलियनचं एक. आतून बाहेर चालत जा, दोनशे वर्षांत तोफ किती लांब मारू लागली ते पावलांनी मोजता येतं.

खरा वेढा पडला तो १८४८ मध्ये, आणि तिथे आपल्याला तिसरा म्हातारा भेटतो. जनरल कार्लो झुक्की. तरुणपणी नेपोलियनच्या फौजेत लढलेला. १८३१ च्या इटालियन उठावात पकडला गेला, ऑस्ट्रियाने त्याला फाशीची शिक्षा दिली, ती कैदेत बदलली. अनेक वर्षांच्या कैदेत शेवटी तो पाल्मानोव्हाच्या किल्ल्यात येऊन पडला होता. १८४८ च्या मार्चमध्ये व्हेनिस, मिलान पेटले, तसं पाल्मानोव्हानेही ऑस्ट्रियाची सत्ता झुगारली. आणि लोकांनी किल्ल्याचा सेनापती कुणाला केलं? तिथल्याच कोठडीतल्या सत्तरीच्या कैद्याला. झुक्कीने मोजक्या शिपायांनिशी आणि स्वयंसेवकांनिशी किल्ला लढवला. जून अखेरीस, २४ तारखेला, अन्न आणि आशा दोन्ही संपल्यावर शरणागती पत्करली. शत्रू कोण, तर ऑस्ट्रिया. रक्षण करणारे कोण, तर गावकरी आणि स्वयंसेवक. बार्बारोने आणि साव्होर्न्यानने कल्पना केलेली सगळी पात्रं बदललेली होती; तट मात्र त्यांनी आखला तसाच.

१८६६ मध्ये फ्रिउली इटलीत आलं. पुढचं शतक मी भराभर सांगतो, कारण ते वाईट आहे. पहिल्या महायुद्धात इसोन्झोची आघाडी जवळच असल्याने गाव रसदीचं ठाणं झालं. १९१७ च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोच्या पराभवानंतर माघार घेणाऱ्या इटालियन फौजेने शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून गावाला आग लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात इथल्या एका बराकीत प्रतिकार चळवळीतल्या माणसांना आणून त्यांचे अमानुष हाल केले गेले. बाहेरच्या शत्रूला अडवायला बांधलेल्या भिंती आतल्या माणसांसाठी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. किल्ल्याच्या छायाचित्राखाली ही ओळ सहसा छापत नाहीत.

आता थोडं आपल्या किनाऱ्याकडे. हे मी ओढूनताणून आणत नाही, धागा खरा आहे. साव्होर्न्यानच्या काळातच जोव्हान्नी बाप्तिस्ता कायराती नावाचा मिलानचा अभियंता दुसऱ्या फिलिप राजाच्या चाकरीत होता. १५८० नंतर पोर्तुगालचा मुकुटही फिलिपकडे आला आणि त्याने कायरातीला पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या तटबंद्यांचा प्रमुख म्हणून गोव्याला पाठवलं. दमण आणि वसईच्या तटांच्या कामात त्याचा हात होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाचा फोर्ट जीझस त्याच्याच आराखड्याने सुरू झाला, तोही १५९३ मध्ये, पाल्मानोव्हाच्याच वर्षी. कायराती १५९६ मध्ये गोव्यात वारला. म्हणजे वसईच्या किल्ल्यात बाणासारखे पुढे आलेले जे बुरूज आपण पाहतो, ते आणि पाल्मानोव्हाचे बुरूज एकाच विद्येचे. इटलीतली ती भूमिती पोर्तुगीज जहाजांत बसून कोकणात उतरली होती.

आणि ती भूमिती आपल्याकडे कसाला लागली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. जमिनीकडच्या बाजूने मराठ्यांनी तटाखाली सुरुंग नेले, सेंट सेबॅस्टियनचा बुरूज उडवला, आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. दोन्ही बाजूंची हानी भयंकर होती. पाल्मानोव्हाच्या नऊ बुरुजांना जे कधी सोसावं लागलं नाही ते वसईच्या बुरुजांनी सोसलं. इटालियन पद्धतीच्या तटाचं मोल काय हे तपासायला मला युरोपात जायची गरज वाटत नाही. ते वसईच्या मोर्च्यांत कळतं. तो तट दुबळा नव्हता. तो घेणाऱ्यांना किती माणसं घालवावी लागली, ह्यावरून त्याची ताकद समजते.

एक फरक मात्र मनात राहतो. वसईचा तट बऱ्यापैकी उभा आहे आणि आतलं शहर गेलं. चर्च, वाडे, मठ ह्यांच्या भिंती उरल्या, छपरं गेली, रस्त्यांवर झाडी. पाल्मानोव्हात उलट झालं. तट गवताखाली दबला, खंदक आटले, पण आत दिवे लागतात, शाळा भरते, आठवड्याचा बाजार भरतो. ज्या गावात यायला कुणी तयार नव्हतं ते गाव टिकलं. ह्याचं एक कारण रुक्ष आहे: लष्कर. व्हेनिस, फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटली, जो आला त्याने तिथे फौज ठेवली आणि फौजेपाठी दुकानं राहिली. आजही इटलीच्या घोडदळाची एक जुनी रेजिमेंट तिथे आहे, घोड्यांच्या जागी चिलखती गाड्या घेऊन. तटाबाहेर घरं बांधायला लष्कराने दीर्घकाळ मनाई केली, म्हणूनही ताऱ्याचा आकार शाबूत राहिला. आपल्याकडची पाडापाडी बघितली की ही मनाई मला वरदानासारखी वाटते.

१९६० मध्ये इटलीने पाल्मानोव्हाला राष्ट्रीय स्मारक ठरवलं. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत ते आलं, एकटं नव्हे, व्हेनिसच्या तटबंद्यांच्या साखळीतली एक कडी म्हणून. त्यात इटलीतली बेर्गामो आणि पेस्किएरा, क्रोएशियातली झादर आणि शिबेनिक, माँटेनेग्रोतलं कोतोर अशी नावं आहेत. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. पाल्मानोव्हा एकटं उचललं की ते सुंदर चित्र होतं, आणि साखळीत ठेवलं की व्हेनिसची भीती दिसते, बेर्गामोपासून एड्रियाटिक समुद्राच्या पार टोकापर्यंत पसरलेली.

सध्याची अडचण शत्रूची नाही, झाडांची आहे. मातीच्या तटावर मुळं रुजली की आतली बांधणी उकलते, विटांचं अस्तर सुटतं. तीन कड्यांचा हा पसारा साफ ठेवणं पाच हजारांच्या गावाच्या नगरपालिकेला झेपणारं नाही. तिथे मदतीला आले ते प्रदेशाच्या नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक. फ्रिउलीत १९७६ मध्ये भयंकर भूकंप झाला, सुमारे हजार माणसं गेली. त्या अनुभवातून तिथे आपत्तीत धावून जाणारी यंत्रणा उभी राहिली आणि तिचं मुख्य केंद्र पाल्मानोव्हात आहे. त्या स्वयंसेवकांनी करवती, कोयते घेऊन बुरुजांवरची झाडी काढली. रिकाम्या पडलेल्या जुन्या बराकींचं काय करायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. इतक्या मोठ्या, इतक्या जाड भिंतींच्या इमारतींना भाडेकरू मिळत नाहीत. सिनेटची सतराव्या शतकातली डोकेदुखी नव्या रूपात नगरपालिकेच्या माथी आली आहे.

तुमच्यापैकी कुणी व्हेनिसला जाणार असेल तर एक दिवस राखून ठेवा. उदिनेहून चेर्विन्यानोकडे जाणारी छोटी गाडी पाल्मानोव्हाला थांबते, स्टेशन तटाबाहेर आहे. सगळे पर्यटक थेट चौकात जातात, कॉफी पितात, गोल फिरून छायाचित्र काढतात आणि तारा कुठे दिसला नाही म्हणून खट्टू होतात. तुम्ही तसं करू नका. आधी दरवाजाबाहेरून खंदकात उतरा, एका बुरुजाच्या बगलेत उभे राहा आणि शेजारच्या बुरुजाच्या तोंडाकडे बघा. तिथून लपायला एकही कोपरा सापडत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलात तर १६१५ सालच्या युद्धाचा देखावा गावकरी स्वतः उभा करतात. व्हेनिसच्या आणि ऑस्ट्रियाच्या पोशाखात भाले, बंदुका घेऊन माणसं तटावर येतात आणि तिथे दोन दिवस मोठी लढाई होते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. वसईविषयी असले तर जास्त आवडतील.